समुद्रकाठचा मुक्काम कोठे करावा?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या माघातल्या सहलीसाठी मुक्कामाची जागा पाहण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे दिले होते. ती जागा कशी ठरवली हे सर्वांना सांगावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषणाची मला सवय नाही. परंतु घरी लग्नकार्य निघाले की कोणाचे अंथरूण कोठे पडेल, म्हाताऱ्या माणसांना मोरी जवळ कशी पडेल, लेकुरवाळीला आडोसा कोठे मिळेल, हे गेली पंचवीस वर्षे मीच पाहत आले आहे. समुद्रकाठचा मुक्काम पाहणे हे काम त्याच जातीचे निघाले, म्हणून उभी राहिले आहे.

सहल ठरली तेव्हा आपल्यात तीन मते पडली होती, हे आपल्याला आठवतच असेल. तरुण सुनांना समुद्राच्या अगदी काठावर, वाळूतल्या तंबूत राहायचे होते. फोनवर त्यांनी चित्रे दाखवली. पांढरे तंबू, दिव्यांच्या माळा आणि पुढे पाणीच पाणी. वडीलधाऱ्या बायकांचे म्हणणे, एखाद्या देवस्थानाजवळ उतरू, म्हणजे दर्शनही होईल आणि चार पैसे वाचतील. तिसरे मत आपल्या एका सभासदाच्या पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचे. तो म्हणाला, "काकू, आता घरासारखी गाडी भाड्याने मिळते. जेथे उभी कराल तेथे मुक्काम."

या गाडीला कॅराव्हान म्हणतात. आतच निजण्याच्या फळ्या, छोटी शेगडी, पाण्याची टाकी आणि संडास. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात कुटुंबेच्या कुटुंबे अशी गाडी घेऊन समुद्रकाठी जातात. तेथे या गाड्यांसाठी मुद्दाम राखलेले तळ असतात. प्रत्येक गाडीला आखून दिलेली जागा, जवळ विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि सांडपाणी सोडायला जमिनीत पक्के तोंड. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ साली कॅराव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे आणि असे तळ उभारण्याचा विचार त्यात आहे. कल्पना वाईट नाही. ज्यांचे कुटुंब चार-पाच माणसांचे आहे त्यांनी जरूर विचार करावा.

मी त्या मुलाला एवढेच विचारले, "बाळा, गाडीतला संडास भरला म्हणजे तो रिकामा कोठे करायचा?" त्याने भाडेवाल्याला फोन लावला. भाडेवाला म्हणाला, वाटेत होईल काहीतरी. वाटेत म्हणजे कोणाच्या तरी ओढ्यात, आणखी काय! शिवाय आपण तेवीस जणी. एवढ्या बायकांना पाच गाड्या लागल्या असत्या. तो बेत तेथेच राहिला. पण त्या परदेशी तळांची एक गोष्ट माझ्या मनात बसली. वीज, पाणी आणि मोरी या तीन गोष्टी जेथे पक्क्या, तोच तळ. आपल्याकडे जागा पाहणारे वीज पाहतात, फार तर पाणी पाहतात. मोरीचे नाव कोणी काढत नाही.

जाता जाता एक सांगून ठेवते. गाडीत निजणाऱ्यांनी यंत्र चालू ठेवून दारे-खिडक्या बंद करून कधीही निजू नये. केरळात वडकरा येथे डिसेंबर २०२४ मध्ये अशाच एका कॅराव्हानमध्ये दोन माणसे मेलेली सापडली. जनरेटरचा विषारी वायू आत साठला होता. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो, त्यामुळे निजलेल्याला कळतही नाही. तंबूत शेगडी किंवा कोळसा पेटता ठेवण्याचेही तेच.

आता पुढचे जरा स्पष्ट बोलते. सभेत सगळ्या बायकाच आहेत, आणि स्मरणिकेत छापले तर पुरुषांनीही वाचावे.

आपण बायका प्रवासाला निघालो की पाणी पीत नाही. सकाळी घोटभर चहा घेऊन गाडीत बसतो आणि दुपारपर्यंत तोंड मिटून राहतो. का, तर वाटेत जायचे कोठे? डोके दुखते, पाय सुजतात, घरी आल्यावर लघवीला जळजळ होते, आणि मग आपण म्हणतो, मला प्रवास मानवत नाही. मला वाटते, प्रवास मानवत नाही असे फार थोड्या जणींचे असते.

आपल्या एक ज्येष्ठ सभासद आहेत. त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे, तरी नाव घेत नाही. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. वय अडुसष्ट. यजमान गेल्यापासून मुक्कामाला म्हणून कोठे गेल्याच नव्हत्या. सहलीचे पैसे त्यांनी भिशीतून वेळेवर भरले होते, आणि यादी करायला बसलो तर म्हणाल्या, "माझ्या जागी माझ्या नातीला न्या." सभेत कारण सांगेनात. मागून चुलीपाशी बसून हळूच सांगितले. गुडघे वाकत नाहीत, खाली बसता येत नाही, आणि रात्री तीनदा उठावे लागते. अंधारात वाळू तुडवत मी कोठे जाऊ, मला नेणारीची झोप मोडेल, त्यापेक्षा नको ते.

त्या दिवशी मी मनाशी ठरवले की जागा या बाईंच्या गुडघ्याने पाहायची. त्यांना जी सोसेल ती बाकीच्या बावीस जणींना सोसेलच. समुद्र कोठेही उतरलो तरी दिसणार होता.

काही वर्षांपूर्वी सासरच्या मंडळींबरोबर मी एका तंबूच्या जागी राहून आले होते. ती जागा कोणती ते सांगत नाही. जेवण चांगले होते, गाणीबजावणीही झाली. पण चाळीस माणसांत दोन संडास, एकाला कडी नाही, आणि रात्री दहानंतर पिंपात पाणी नाही. माझी जाऊ दाराला धरून उभी राहायची तेव्हा मी आत, आणि मी उभी तेव्हा ती. दोन्ही तान्ह्या पोरांचे कपडे खाऱ्या पाण्यात धुतले ते पुढे अंगाला चावत राहिले. त्या मुक्कामातला समुद्र मला नीट आठवत नाही, ती कडी नसलेली फळी मात्र आठवते.

म्हणून या वेळी मी सात ठिकाणी फोन केले आणि सगळ्यांना पहिल्यांदा हेच सांगितले, "समुद्राचे चित्र पाठवू नका, संडासाचे पाठवा." दोघांनी पुन्हा फोन उचलला नाही. एकाला हसू आले. ज्यांनी पाठवले त्यांचा मी पुढे विचार केला.

मग हिशेब केला. तेवीस बायका, आणि सकाळी सहा ते आठ असे दोन तास. एकीला दहा मिनिटे धरली तर तेवीस दाहे दोनशे तीस मिनिटे, म्हणजे जवळजवळ चार तास. एका संडासात भागत नाही. दोनांत कसेबसे दोन तासांत होते, पण सगळ्यांनी घड्याळ लावून वागले तर. तीन हवेत, आणि त्यात एक तरी खुर्चीसारखा बसायचा हवा. तो निजण्याच्या खोलीपासून किती पावलांवर आहे, मध्ये पायऱ्या किती, रात्री दिवा जळतो की बाराला बंद होतो, दाराला आतून कडी आहे ना, हे एकेक विचारले. मैला कोठे जातो आणि पिण्याची विहीर त्यापासून किती लांब, हेही विचारले. निदान पन्नास फूट तरी अंतर असावे. असले प्रश्न बाईने परक्या पुरुषाला फोनवर कसे विचारायचे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. मी म्हटले, घरातल्या बाईंकडे फोन द्या. जेथे घरातल्या बाई फोनवर आल्या तेथे पाच मिनिटांत सगळे कळले.

पाण्याचे आपल्या पारनेर तालुक्याला कोणी शिकवायला नको. टँकरची वाट पाहून आपले अर्धे आयुष्य गेले. तरी समुद्रकाठच्या पाण्याचे तंत्र निराळे आहे. तेथे हंडाभर पाणी आहे की नाही एवढ्यावर भागत नाही, ते गोड आहे की मचूळ हे पाहावे लागते. जमिनीखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके. माफक उपसा केला तर विहीर गोडी राहते. पंप लावून ओढत राहिले की खालचे खारे पाणी वर चढते. त्यामुळे काठावरच्या गर्दीच्या जागी उन्हाळ्यात पाणी बिघडू शकते, आणि जरा आत, वाडीतल्या जुन्या रहाटाच्या विहिरीचे पाणी चांगले लागते. साबणाचा फेस किती येतो हे विचारावे, म्हणजे उत्तर लगेच मिळते. मालक सांगतो "पाणी एकदम फर्स्टक्लास", त्याचा काही उपयोग नाही.

येथे मला एक आठवण सांगाविशी वाटते. आमच्या शेतात दरवर्षी मेंढ्या बसवायला धनगर येतात. यांतले कितीतरी वाडे दिवाळीनंतर घाट उतरून खाली जातात आणि पावसाच्या तोंडी परत येतात. घोड्यावर भांडी, घोंगडी, कोंबड्या आणि लहान मूल. कॅराव्हानचे मला त्या मुलाने इतके वर्णन ऐकवले, पण चालते घर मी लहानपणापासून बांधावर पाहत आले आहे. एका मावशींना मी विचारले की रोज नवी जागा तुम्ही कशी पाहता. त्या म्हणाल्या, "वैनी, आधी पाणी बघायचं, मग वारं बघायचं. वड्याच्या पोटात बिऱ्हाड मांडायचं न्हाई, कितीबी सपाट दिसलं तरी. आन् ज्याचं रान हाय त्याला इचारल्याबिगर मेख ठोकायची न्हाई." समुद्रकाठच्या जागेलाही मी हेच लावले, आणि मला वाटते याहून अधिक कोणी सांगितलेले नाही.

ओढ्याच्या पोटात म्हणजे जेथे पाणी येऊन गेले आहे तेथे. समुद्रकाठी अशी जागा म्हणजे भरतीची रेघ. वाळूवर वाळलेले शेवाळ, शिंपले, काटक्या यांची एक ओळ पडलेली असते. तेथपर्यंत पाणी येऊन गेलेले असते, आणि उधाणाला त्याच्याही वर येते. या ओळीच्या आत तंबू नको आणि गाडी तर मुळीच नको. ओहोटीला वाळू रस्त्यासारखी घट्ट वाटते, ड्रायव्हर मोठ्या हौसेने गाडी खाली घेतो, चाक रुतते आणि मागून भरती येते. सुट्टीच्या दिवसांत अशी गाडी पाण्यात गेल्याची बातमी नेहमी वाचायला मिळते.

भरतीची वेळ काढणे तुम्हाला-मला अगदी सोपे आहे, कारण तिथी आपल्या भिंतीवर टांगलेली असते. त्या दिवसाची तिथी घ्यावी, तिला तीनने गुणावे, चाराने भागावे. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, म्हणून गावातल्या कोळी बांधवांना विचारावेच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी फार वर चढते आणि फार खाली जाते. अष्टमी-नवमीला भांग असतो, तेव्हा पाण्याची हालचाल कमी. आणि पाणी ओसरत असताना आत जाऊ नये, ते माणसाला आत ओढते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची चौदा मुलेमुली बुडाली. आपल्याच बाजूने घाट उतरून गेलेली लेकरे ती. आपण देशावरची माणसे विहिरीत पोहायला शिकतो आणि समुद्रालाही मोठी विहीर समजतो.

म्हणून सहलीचा दिवसही मी तिथी पाहून मागितला. माघ शुद्ध चतुर्थीला गणेशजयंती, तेव्हा तेथे दर्शनाची गर्दी. रथसप्तमीपर्यंत आपल्याच घरी हळदीकुंकू. ते आटोपून अष्टमीला पहाटे निघालो. भांगाचे दिवस, संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, म्हणजे सूर्य बुडताना पाणी जवळ येणार आणि म्हाताऱ्यांना वाळूत लांब चालावे लागणार नाही. हे कार्यकारिणीला सांगितले तेव्हा सगळ्या हसल्या की ही मुहूर्त काढते आहे. पण झाले तसेच.

शेवटी रायगड जिल्ह्यातले दिवेआगर ठरवले. हरिहरेश्वरला पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, तेही मी मनात धरले होते. पण आम्हाला सगळ्यांना एका अंगणात राहायचे होते. दिवेआगरला किनारा लांब आणि सपाट, सुरूची झाडे, आणि किनाऱ्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. त्या वाड्यांतली घरे पाहुणे उतरवतात. वडीलधाऱ्यांना देवस्थान हवे होते, तेही तेथेच. १९९७ साली तेथे एका बाईंच्या बागेत खणताना पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. २०१२ साली दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांना मारून तो पळवला, आणि २०२१ साली मुखवट्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. सुनांचे तंबू मात्र राहिले. पण घरापासून समुद्र दहा मिनिटांच्या वाटेवर, आणि रात्री गाज अंथरुणात ऐकू येत होती, त्यामुळे त्या फार रुसल्या नाहीत.

सुपे, शिरूर, पुणे, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असा आपला रस्ता. घाट दिवसाउजेडीच उतरायचा हे ड्रायव्हरला निघण्याआधीच बजावले होते. एक गोष्ट मात्र ड्रायव्हरनेच मला शिकवली. तो म्हणाला, ताई, कोकणात वाडीच्या वाटा दोन गडग्यांमधून जातात, जांभ्या दगडाच्या भिंती त्या, मिनीबस वळेल काय ते विचारा. मी घरमालकिणीला विचारले. त्यांनी मुलाला दोरी घेऊन वाट मोजायला लावली. गाडी दारापर्यंत येत नव्हती, देवळापाशी उभी करावी लागणार होती. मग त्यांनीच आपल्या ज्येष्ठ बाईंसाठी रिक्षा सांगून ठेवली. असे आधी कळले म्हणजे ऐनवेळी सामान डोक्यावर घेऊन भांडणे होत नाहीत.

त्या वाडीत पोफळीची पुष्कळ झाडे अजून लहान दिसली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मोठी बाग आडवी झाली, असे मालकीण म्हणाल्या. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. तोपर्यंत घर चालवले ते पाहुण्यांच्या जेवणावर. हे ऐकल्यावर आपल्यातल्या ज्या दोघी ताटामागे वीस रुपये कमी करून घ्यायला निघाल्या होत्या, त्या गप्प बसल्या. बाई पहाटे चारला उठून तेवीस जणींसाठी मोदक वळत होती. तांदळाची भाकरी मात्र आपल्या बाजरीच्या जिभेला काही रुचली नाही, हे खरे. पुढच्या वेळी पीठ बरोबर न्यावे.

त्यांच्याकडून आणखी एक कळले. नारळाच्या खाली खाट टाकू नये, कोणीही. झावळी पडायला वारा लागत नाही.

आणि वाळूवर रात्री मोठे दिवे लावून बसण्याच्या मी विरुद्ध आहे, त्याचे कारणही सांगते. थंडीच्या दिवसांत त्या किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालायला येतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ सालापासून ही अंडी राखण्याचे काम सुरू केले. तेथे पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, वाळूवर नाही. पिले बाहेर पडली की उजेडाकडे धावतात. पूर्वी तो उजेड समुद्राच्या पाण्याचा असे. मागे तंबूच्या माळा पेटलेल्या असल्या तर ती उलटी चालत येतात आणि मरतात. बाळंतिणीच्या खोलीत कोणी बत्ती घेऊन नाचते काय?

नवमीला आम्ही हरिहरेश्वरला जाऊन आलो. तेथली प्रदक्षिणेची वाट खाली खडकांतून, समुद्राच्या कडेने जाते. दुपारी ओहोटीची वेळ होती, पण भांगाच्या दिवसांत पाणी ओहोटीलाही फार मागे हटत नाही. खडक ओले दिसले. तेव्हा आम्ही वरूनच हात जोडले. दोन-तीन जणींना ते आवडले नाही, एवढ्या लांब येऊन प्रदक्षिणा राहिली म्हणून. त्यांची हळहळ मला समजते, तरीही मी पुन्हा तेच करीन. प्रदक्षिणा हवी असेल तर पौर्णिमेनंतरचे चार दिवस पाहून, ऐन ओहोटीला, गावातला माणूस बरोबर घेऊन जावे लागेल, आणि मग संध्याकाळच्या भरतीचा बेत बदलेल. दोन्ही एका सहलीत बसत नाही.

आपल्या ज्येष्ठ बाई आल्या होत्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाण्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या, पायाला लाट लागली तेव्हा त्यांनी पाणी ओंजळीत घेऊन चाखून पाहिले, आणि म्हणाल्या, "खरंच खारट आहे की गं!" वाटेत त्यांनी दोन वेळा तांब्याभर पाणी मागून प्यायले, हे मी मुद्दाम पाहून ठेवले होते.

पुढच्या साली सिंधुदुर्गला जावे असा काहींचा विचार आहे. रस्ता लांब पडतो, म्हणून जाताना-येताना एकेक मुक्काम मध्ये करावा लागेल आणि त्या जागाही पाहाव्या लागतील. मी फोनवर विचारायचे प्रश्न एका वहीत उतरवून चिटणीसबाईंकडे दिले आहेत. मागची पाने कोरी ठेवली आहेत. ज्यांना जे सुचेल ते लिहावे, आणि ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना रात्री उठावे लागते, ज्यांना साखरेचे औषध वेळेवर लागते, त्यांनी आपली अडचण संक्रांतीच्या आत माझ्या कानात सांगावी. नाव वहीत येणार नाही.